बाटलीचा रक्तगट

कपाट काचेचं होतं, म्हणून बाटल्या दिसत होत्या. मनिषाच्या वैतागाचं मूळ तिथेच होतं. कपाट लोखंडी असतं तर आत बाटल्या आहेत की नाहीत अशी शंका तरी घेता आली असती, आणि शंकेत माणसाचा वेळ बरा जातो. इथे तीही सोय नव्हती. दुसऱ्या खणात, नाक टेकेल इतक्या अंतरावर, अमिनो आम्लाच्या बाटल्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या ओळीने उभ्या होत्या, आणि कपाटाच्या कडेला बसवलेल्या पडद्यावर एकच वाक्य लुकलुकत होतं:

‘रक्तदात्याचा क्रमांक भरा.’

मनिषा शितप रत्नागिरीतल्या या ट्रस्टच्या रुग्णालयात औषधांचं भांडार सांभाळायची. देवरूखची मुलगी, बोलायला रोखठोक, पण यंत्रांशी आजवर अदबीने वागलेली. आज सकाळपासून मात्र तिने त्या पडद्याला ज्या शब्दांत हाका मारल्या होत्या, ते तिच्या आईने ऐकले असते तर बाई देवरूखहून मिळेल ती एसटी पकडून आली असती.

कपाट नवंकोरं. लांज्याकडच्या एका वाडीतून मुंबईला जाऊन हॉटेलांचे मालक झालेले रावजीशेठ, त्यांनी ते आईच्या स्मरणार्थ दिलं होतं. औषधाचा कोड टाका, रुग्णाचं नाव टाका, दार आपोआप उघडणार आणि आपोआप मिटणार. चोरी नाही, चूक नाही, डॉक्टरांचं अक्षर लावत बसणं नाही. उद्घाटनाला नारळ कपाटावरच फोडायचा असा एका विश्वस्तांचा आग्रह होता. तो मोठ्या मुश्किलीने पायरीवर फोडला गेला. दाराच्या काचेवर मधोमध आईंचा फोटो चिकटवला होता, वर हार. बाटल्यांच्या पुढ्यात बसून आई मनिषाकडे अशा बघत होत्या, जणू हिने नेलेली वाटी अजून परत केलेली नाही.

जुनं लाकडी कपाट, ज्याचं दार गुडघ्याने ढकललं की उघडायचं, ते रविवारीच जिन्याखाली नेऊन ठेवलं होतं. त्यात आता गणपतीचं मखर होतं. मखराला कोणी कोड विचारत नव्हतं.

बाटली हवी होती हिराला.

हिरा रावजीशेठांच्याच वाडीतली. पोट फुगलं म्हणून आणली, तर आतडं पिळलेलं निघालं. डॉक्टरांनी खराब तुकडा काढून दोन टोकं जोडली, आणि तेव्हापासून तिला तोंडाने पाण्याचा थेंबही बंद. जे काय द्यायचं ते शिरेतून. नवरा खंडू चिरेखाणीत कामाला. त्याला डॉक्टरांनी त्याच्याच भाषेत समजावलं होतं. “भिंत पडली होती, ती मी उभी केल्येय. पण सांधा धरायला चिरे हवेत की नाही? या बाटलीत ते चिरे आहेत. ग्लुकोज म्हणजे गड्यांचा चहा. चहाने गडी उभा राहतो, भिंत नाही.”

खंडूला हे इतकं पटलं की तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या कोटाला विचारायचा, “चिरे आले काय?” एक्स-रे काढणारा माणूस दोनदा दचकला होता.

वॉर्डात ठेवलेली शेवटची बाटली दुपारपर्यंत संपणार होती. डॉक्टरांनी फोनवर मनिषाला स्वच्छ सांगितलं, “बाई मुळात हाडं आणि कातडं. आज खंड पडला तर टाके सुटतील असं मी म्हणत नाही. पण धरतील असंही म्हणणार नाही. बाटली पाठवा.”

“बाटली आहे,” मनिषा म्हणाली.

“मग?”

“दिसत्येय.”

डॉक्टरांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं, पाठवतेय.

*

मनिषाने कपाटाच्या कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर पुण्याहून एक तरतरीत आवाज आला.

“नमस्कार, मी नितेश. आपली काय मदत करू शकतो?”

“तुमचं कपाट अमिनो आम्लाच्या बाटलीसाठी रक्तदाता मागतंय.”

पलीकडे कळफलक वाजला. “रुग्णाचा रक्तगट भरलात का, मॅडम?”

“भरलाय. ए निगेटिव्ह.”

“मग आता दाता भरायचा.”

“अहो, बाटली आहे ती! कारखान्यात बनते. तिला दाता कुठला आणू? कारखान्याचा मॅनेजर?”

“कोड काय दिसतोय?”

“बी झिरो फाइव्ह बीए झिरो वन.”

“कोड बरोबर आहे,” नितेश म्हणाला. पोराने पहिल्याच दिवशी पाटीवर ‘अ’ काढल्यावर बापाच्या आवाजात जे येतं ते त्याच्या आवाजात आलं होतं.

आणि कोड खरोखरच बरोबर होता, हेच तर दुखणं. जगभरात औषधांना अशी अक्षर-आकड्यांची नावं ठरवून दिलेली असतात, म्हणजे टोकियोपासून टिळक आळीपर्यंत कोणीही एकच औषध ओळखावं. त्यात बी म्हणजे रक्त आणि रक्त तयार करणारे अवयव. बीच्या पोटात रक्ताऐवजी शिरेतून द्यायची द्रावणं, त्यांच्या पोटात शिरेतून द्यायचं पोषण, आणि त्याच्याही पोटात अमिनो आम्लं. ज्यांनी हे ठरवलं ते शहाणे लोक होते. नितेशच्या कंपनीने मात्र पहिल्या अक्षराशीच वाचणं थांबवलं होतं. बी दिसला की रक्त, आणि रक्त म्हटलं की रक्तपेढीचे सगळे नियम लागू. सलाइनही बीच, पण त्याची खोकी कपाटात मावत नाहीत म्हणून ती व्हरांड्यात रचलेली असत, आणि खोक्याला पडदा नसतो.

“मग नियम सुधारा,” मनिषा म्हणाली.

“सुधारायला काहीतरी चुकीचं असावं लागतं, मॅडम. कोड बरोबर आहे. रक्ताला दाता मागायचा हा नियमही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असताना मी तक्रार कोणत्या रकान्यात टाकू?”

“वैताग असा रकाना आहे का?”

“‘इतर’ आहे.”

“टाका त्यात.”

त्याने टाकलं आणि तिला तक्रारीचा एक लांबलचक क्रमांक दिला. कमिटी गुरुवारी बसणार होती.

“आणि तोवर बाईचं काय?”

नितेशने मनापासून विचार केला. मुलगा वाईट नव्हता. “तोवर त्यांना ए अक्षरातलं काही चालेल का? ए ला दार लगेच उघडतंय. ए मध्ये बद्धकोष्ठाची औषधं आहेत.”

“त्यांचं आतडं कापून जोडलंय.”

“अच्छा,” नितेश म्हणाला. “मग आपला आजचा अनुभव एक ते पाचमध्ये कसा सांगाल?”

मनिषाने फोन ठेवला आणि कपाटाचं बटण भिंतीपाशी बंद केलं. कपाट बंद पडलं नाही. वीज गेली तरी औषधं अडकू नयेत म्हणून त्याला स्वतःची बॅटरी होती. रुग्णालयाच्या लिफ्टला नव्हती.

मग तिने गावातल्या सगळ्या औषध दुकानांना फोन केले. कोणाकडेही ही बाटली नव्हती. कोल्हापूरहून मागवली तर घाट उतरून उद्या. मग तिने टेबलावरचा काचेचा पेपरवेट हातात घेऊन पाहिला. वजनदार होता. आईंनी फोटोतून तिच्याकडे पाहिलं. तिने पेपरवेट खाली ठेवला. एका बाईच्या स्मरणार्थ दिलेली काच, त्या बाईच्या तोंडावरच फोडायची, ही गोष्ट देवरूखात वाढलेल्या मुलीला जमणारी नव्हती.

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘पोषण म्हणून मागवा.’ मनिषाचा जीव भांड्यात पडला. तिने ती दाबली. कपाटाने टुंग असा तृप्त आवाज केला. दार उघडलं नाही.

पण काही वेळाने भांडाराचं दार उघडलं आणि कॅन्टीनच्या कमळाताई झाकलेली थाळी घेऊन आत आल्या.

“हिरा कोन गो? तिचं अमिनो आलंय.”

मनिषाने झाकण उचललं. आत साबुदाण्याची खिचडी होती. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड.

“मशीनवर आलं, ‘अमिनो, एक’,” कमळाताई म्हणाल्या. “मला काय तो पदार्थ ठावूक नाय. म्हटलं आज संकष्टी, बाई उपाशी आसंल, तर खिचडी करूया. शेंगदाण्यात पन आसतंच काय ना काय.”

“कमळाताई, तिला तोंडाने काही द्यायचं नाहीय.”

“मग मागवलंत कशाला?”

“शिरेतून द्यायचं होतं.”

कमळाताईंनी खिचडीकडे पाहिलं. मग मनिषाकडे पाहिलं. “तू काय खाल्लंस का सकाळपासून?” त्यांनी विचारलं, आणि थाळी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

*

रक्तपेढी त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथला तंत्रज्ञ समर्थ हा गडी एरवी निवांत असायचा, कारण आंबा उतरायच्या दिवसांत रत्नागिरीत कोणी रक्त द्यायला येत नाही. सगळ्यांचे हात झाडावर. त्याच्या फ्रीजमध्ये दोन पिशव्या आणि त्याचं ताकाचं भांडं होतं. ताकाचं भांडं तिथे नसायला हवं होतं.

“मनिषाताई, बरं झालं आलात,” तो म्हणाला. “तुमची बाटली माझ्या पडद्यावर आल्येय. गट तपासायला नमुना पाठवा म्हणतंय.”

“कोणाचा नमुना?”

“बाटलीचा.”

मनिषा खुर्चीत बसली. “समर्थ, बाटलीला रक्तगट नसतो.”

“ते मला माहितीय. मी तसं लिहिलं. तर म्हणतं, गट माहीत नसेल तर रुग्णाच्याच गटाचा बदली दाता द्या.”

आपल्याकडे पद्धतच आहे: रक्ताची एक पिशवी हवी तर नातेवाइकाने एक पिशवी द्यावी. ती पद्धत कोणीतरी कपाटाला शिकवली होती, आणि कपाट शिकलेलं विसरत नव्हतं.

“मग टाक ना एखादा जुना दाता,” मनिषा आवाज खाली करून म्हणाली.

“टाकून बघितला. म्हणतं, हा मागच्या महिन्यात येऊन गेलाय, याला विश्रांती द्या.” समर्थच्या बोलण्यात थोडं कौतुकही होतं. “आणि नुसता आकडा चालत नाही. भरलेल्या पिशवीवरची पट्टी यंत्राने वाचली तरच क्रमांक तयार होतो. आजचा दाता पाहिजे, खराखुरा, ए निगेटिव्ह.”

“म्हणजे कारखान्यातल्या बाटलीसाठी जिवंत माणसाच्या हातात सुई खुपसायची?” मनिषाचा आवाज आता वरच्या मजल्यापर्यंत जात होता. “उद्या पट्टीच्या बंडलासाठी कातडी मागेल! मी नाही हे होऊ देणार. हे रुग्णालय आहे की नवसाचं देऊळ?”

दारात खंडू उभा होता. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याने सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर केलेली होती.

“माजा घ्या,” तो म्हणाला.

समर्थने त्याचा गट पाहिला. बी पॉझिटिव्ह. वजनही पाहिलं, आणि त्याला हळूच काट्यावरून उतरवलं. “दादा, तुम्ही देण्यातले नाही, घेण्यातले आहात.”

खंडूने बाही खाली केली. “मंग चिरे येनार नाय?”

 उत्तर कपाटात होतं, दुसऱ्या खणात, ओळीने उभं. ती काही बोलायच्या आत खंडू बाहेर गेला. खिडकीतून तिला तो फणसाखाली उभा राहून फोनवर बोलताना दिसला. तिला वाटलं, मेहुण्याला वगैरे सांगत असेल. आणि ती परत कपाटाशी भांडायला गेली.

*

दुपारी आवारात एक टेम्पो आला. आंब्याचे रिकामे क्रेट एका बाजूला रचलेले आणि उरलेल्या जागेत माणसं. बाप्ये, बाया, एक नवी नवरी, एक पाय लचकलेला गृहस्थ. सगळ्यांत आधी उतरले ते भागोजी, वाडीचे गावकार, म्हणजे मानाचे म्होरके. पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी खाली उतरून माणसं मोजली, आणि ती भांडाराच्या दारापर्यंत चालवत आणली.

“मॅडमबाय,” ते म्हणाले, “कुटं बसायचा?”

“कशाला?”

“रगत द्यायला. खंडूचा फोन आला. घरटी एक मानूस आनलाय.”

मनिषाने डोळे मिटले. घरटी एक माणूस म्हणजे काय हे तिला सांगायची गरज नव्हती. त्या बाजूच्या सगळ्या वाड्यांची ती रीत. ओढ्यावर बंधारा घालायचा, पालखीची वाट साफ करायची, कोणाचं छप्पर चढवायचं, तर प्रत्येक घरातून एक माणूस आलाच पाहिजे. का, कशाला, हे नंतर. आधी माणूस.

“आनि बंद घरांचा काय?” मागून कोणीतरी विचारलं.

“मुंबयवाल्यांना सांगितलाय,” भागोजी मागे न बघता म्हणाले. “तिकडंच जवळच्या हास्पिटलात द्या नि फोटू टाका गुरूपवर. एकाने टाकलान पन.”

“अहो, बाबा,” मनिषा काकुळतीला येऊन म्हणाली, “रक्ताची गरजच नाहीय. बाटलीत रक्त नाही. या कपाटाचा गैरसमज झालाय.”

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. अक्षर, कोड, बी, नितेश, गुरुवार. भागोजींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत ऐकत होतं.

“म्हंजे, कपाटाला वाटतंय ती बाटली रगताची हाय.”

“हो.”

“आनि तुमाला ठावं हाय की नाय.”

“हो!”

“नि बाय वर उपाशी हाय.”

मनिषाने वर जिन्याकडे पाहिलं.

“मंग कपाटाची समजूत घालन्यापरीस रगत देताव ना आमी. समजूत घालायला दीस जातो. आमच्याकडं एका घराची घालताव, तीन वर्सां झाली.”

आवाज ऐकून आलेल्या समर्थचे डोळे मात्र भरून आले होते. आंब्याच्या दिवसांत, न बोलावता, टेम्पोभर दाते. त्याने ताकाचं भांडं फ्रीजमधून काढून खिडकीत ठेवलं आणि जागा केली. पुढे मनिषाने ‘हे बरोबर नाही’ असं बऱ्याच वेळा म्हटलं, पण तोवर बाया पदर सावरून रक्तपेढीच्या बाकावर बसल्या होत्या.

एकेकाचा गट निघू लागला. बी पॉझिटिव्ह. ओ पॉझिटिव्ह. बी. ओ. पाय लचकलेले गृहस्थ एबी निघाले आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ए निगेटिव्ह कोणीच निघेना. बाक संपत आला तसा खंडूचा चेहरा उतरत गेला. वॉर्डातून नर्सने निरोप पाठवला, बाटली संपली, ग्लुकोज लावलंय.

“सगळी झाली?” समर्थने विचारलं.

“एक ऱ्हायलीय,” भागोजी म्हणाले आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

दाराबाहेर, कुंडीला टेकून, एक उंच बाई उभी होती. ती आत आली नव्हती. ही चिमा, खंडूची शेजारीण. दोन घरांच्या मधल्या हद्दीच्या भिंतीवरून, म्हणजे चिऱ्यांच्या गडग्यावरून, हिचं आणि हिराचं बोलणं बंद होतं. हिरा म्हणायची गडगा हातभर सरकलाय, चिमा म्हणायची गडगा तिथेच आहे, हिराचं घर सरकलंय. भागोजी तीन वर्षं समजूत घालत होते ते हेच घर.

“घरटी एक म्हनलं म्हनून आलंय,” चिमा कोणाकडेही न बघता म्हणाली. “माजा तपासूक नको. ए निगेटिव्ह हाय. पोराच्या टायमाला त्यापायी सुई घ्यावी लागली व्हती.”

खंडू जमिनीकडे बघू लागला.

“रगत देतंय,” चिमाने बाही वर केली. “गडगा देत नाय.”

“गडगा कोन मागत नाय हितं,” भागोजी म्हणाले. “बस.”

“जेवलात का?” समर्थने विचारलं.

“संकष्टी हाय.”

समर्थचा हात थांबला. “उपाशीपोटी रक्त घेता येत नाही. काहीतरी खायलाच हवं.”

“चंद्र बगल्याबिगर मी खात नाय.”

“फराळाचं चालेल ना?” मनिषा म्हणाली, आणि ती काय म्हणतेय हे तिचं तिलाच उशिरा कळलं. ती धावत भांडारात गेली. थाळी टेबलावर होती तशीच होती. चिमाने थाळीवरची ‘हिरा, अमिनो, एक’ अशी चिठ्ठी बाजूला काढून ठेवली आणि बाकावर बसून सगळी खिचडी खाल्ली. लिंबूसुद्धा पिळून घेतलं. व्हरांड्यातून जाताना कमळाताईंनी ते पाहिलं.

“बगलंस?” त्या मनिषाला म्हणाल्या. “उगाच नाय केली मी.”

समर्थने चिमाला थोडा वेळ टेकून बसवलं आणि मग पिशवी भरली. यंत्राने पट्टी वाचली. क्रमांक तयार झाला. मनिषाने तो कपाटाच्या पडद्यावर एक एक आकडा करून टाकला, आणि सगळी वाडी तिच्या खांद्यामागे श्वास रोखून उभी राहिली.

टुंग.

दार उघडलं. आई हारासकट बाजूला सरकल्या.

मनिषाने एक बाटली काढली. पडदा म्हणाला, ‘धन्यवाद. पुढील पिशवीसाठी नवा दाता आणा,’ आणि दार आपोआप मिटायला लागलं. ते अर्ध्यावर आलं असताना त्याच्या फटीत एक काठी शिरली.

“एकच?” भागोजींनी काठी घट्ट धरून विचारलं.

“आजची एक. उद्या परत लागेल. परवा पण.”

“नि उद्या ह्यो परत रगत मागनार.”

“गुरुवारपर्यंत.”

“ए निगेटिव एकच हाय आमच्यात, नि तिची खिचडी संपली.” भागोजी वळले. “उबे ऱ्हावा रे!”

पुढे काही सांगावं लागलं नाही. कपाटापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यावरून वॉर्डाच्या फ्रीजपर्यंत माणसं एका हाताच्या अंतराने उभी राहिली, बंधाऱ्याला दगड पोचवायला राहतात तशी. खंडू सगळ्यांत पुढे, कपाटात हात घालून. पहिली बाटली मनिषाच्या हातातून निघाली आणि हातोहात वर गेली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. पाय लचकलेल्या एबी गृहस्थांना वळणावर बसवलं होतं. कपाटाने आधी टुंगटुंग केलं, मग भोंगा वाजवायला सुरुवात केली, आणि मग त्यातून एक गोड बाईचा आवाज आला: ‘रक्तसाठ्याची अनधिकृत हालचाल. रक्तसाठ्याची अनधिकृत हालचाल.’

“काय म्हनते?” नव्या नवरीने विचारलं.

“काय नाय, हुशार हाय,” भागोजी म्हणाले. “चल, पुढं दे.”

मनिषाचा मोबाइल वाजला. मुंबईहून रावजीशेठ.

“काय चाललंय तिथे? मला निरोप आला, आईच्या कपाटातून रक्ताच्या पिशव्या जमाव पळवून नेतोय!”

“जमाव नाही, शेठ,” मनिषा म्हणाली. ती आता इतकी वैतागलेली होती की आवाजात एक प्रकारची शांती आली होती. “घरटी एक माणूस आहे.”

पलीकडे हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

“कुठली वाडी?”

“तुमचीच.”

“भागोजीकाका आहेत तिथं?”

मनिषाने फोन भागोजींच्या कानाला लावला. एक हात काठीला, त्यामुळे त्यांना धरता येत नव्हता.

“कोन, रावजी? हां. आरं, खंडूच्या बायकोचा काम हाय... सगळी आलीत... हां, तुजा घर कुलपात, म्हनून तुज्या घराचा मानूस कोन आसा मी इचारनार व्हतो.” ते थांबले आणि काचेकडे पाहिलं. “पन तुजी आय हाय हितं. मगापासून दाराला उबी हाय. तिला धरून घरं पुरी झाली बग.”

रावजीशेठ काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. भागोजींनी मान हलवली. “हो, हो. नीट उतरवताव. सांडत नाय.”

शेवटची बाटली वर गेली तेव्हा भागोजींनी काठी काढून घेतली. दार मिटलं. आई परत जागेवर आल्या. त्यांच्या मागचा खण आता रिकामा होता.

वॉर्डात हिराच्या उशाला बाटली लागली होती आणि थेंब पडू लागले होते. खंडू पायाशी उभा राहून थेंब बघत होता, गवंड्याने ओळंबा बघावा तसा. संध्याकाळी चिमाच्या मोबाइलवर निरोप आला: ‘आपण दान केलेलं अमिनो आम्ल आज एका रुग्णाला देण्यात आलं. आपले आभार.’ तिने तो टेम्पोत सगळ्यांना वाचून दाखवला, आणि लांज्यापर्यंत पुन्हा एकदा.

गुरुवारी कमिटी बसली. शुक्रवारी नितेशचा फोन आला.

“मॅडम, आपली तक्रार सुटली! आता अमिनो आम्लाला दाता लागणार नाही. एकदा उघडून बघता का?”

मनिषाने कोड टाकला. दार अलगद उघडलं. कपाट रिकामं होतं. बाटल्या वर वॉर्डात होत्या आणि बाकीची औषधं तिने स्वतःच्या हाताने, मखर काढून, जिन्याखालच्या लाकडी कपाटात लावली होती.

“छान उघडतंय,” ती म्हणाली.

“एक ते पाचमध्ये कसं सांगाल?”

“पाच,” मनिषा म्हणाली. त्याला तरी का त्रास द्यायचा?

त्याच दिवशी डॉक्टरांनी हिराचं पोट दाबून, कान लावून पाहिलं आणि सांगितलं, भिंत धरली. आज चमचाभर पातळ पेज देऊन बघा. मनिषाने हे कॅन्टीनला कळवायला कपाटाच्या पडद्याकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. ती स्वतः कॅन्टीनमध्ये जाऊन सांगून आली.

कमळाताई वाटी पदराखाली धरून वॉर्डात आल्या. आल्या त्या भिंतीच्या कडेकडेने, इकडेतिकडे बघत.

“मशीनला नाय सांगितलंय हां,” त्या कुजबुजल्या.

खंडूने चमचा धरला. हिराने ओठ उघडले, पेज तोंडात घोळवली, गिळली. सगळे तिच्या गळ्याकडे बघत राहिले. 

“मीठ कमी हाय,” ती म्हणाली.

कमळाताई मीठ आणायला पळाल्या. या तक्रारीला कोणी क्रमांक दिला नाही.